पालक क्रमांक सात

आमच्या सरांना सतरंजीचं वेड होतं. दर शनिवारी दुपारी तीनला संशोधन केंद्रातल्या खुर्च्या भिंतीकडे सरकवायच्या, कपाटामागची सतरंजी पसरायची आणि गोल करून बसायचं. गोलात कोणी वर नाही, कोणी खाली नाही, असं सर म्हणत. खुर्च्या सरकवायचं काम मात्र आम्हा विद्यार्थ्यांचं, आणि साडेपाचला त्या परत जागेवर लावायचंही आमचंच. तोवर सर चपला घालून सेवाग्राम रोडला, घराकडे निघालेले असत.

पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, चौथीच्या वर्गावर. शनिवारी सकाळची शाळा करायची, दोन गाड्या बदलत वर्धा गाठायचं, आणि धुळीने माखलेल्या पायांनी त्या सतरंजीवर मांडी घालायची. आम्ही तिघं होतो. मी, हिंगणघाटच्या एका ज्युनिअर कॉलेजातले एक प्राध्यापक, आणि एक तरुण मुलगी, जी सरांचं प्रत्येक वाक्य लिहून घ्यायची. आमचा विषय चिकित्सक शिक्षणशास्त्र. साध्या भाषेत सांगायचं तर शाळेत कोणाचं चालतं, कोणाचं चालत नाही, आणि ज्यांचं चालत नाही ते गप्प का बसतात, हे शोधायचं.

हिंगणघाटच्या प्राध्यापकांना 'वर्चस्व' या शब्दाने झपाटलं होतं. कॅन्टीनमध्ये चहात साखर कमी पडली तरी त्यांना त्यात वर्चस्व दिसे. ते बोलत, मुलगी लिही, सर डोळे मिटून ऐकत, आणि मी घड्याळाकडे बघे, कारण सव्वासहाची गाडी चुकली तर घरी पोचायला नऊ वाजत.

पण माझा खरा त्रास तो नव्हता. माझा त्रास सर होते.

सर विद्वान होते, यात वाद नाही. माणूस म्हणूनही लाखात एक होते. आम्ही उभं राहिलो की त्यांना राग येई, पाया पडलो की पाय मागे घेत. पण तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही सरळ उत्तर दिलं नाही. "सर, हे प्रकरण ठीक झालंय का?" असं विचारलं की ते मान थोडी तिरपी करून म्हणत, "तुला काय वाटतं?" मला वाटतं ते मी लिहूनच आणलंय ना, सर! पण असं म्हणायची हिंमत नव्हती. मी म्हणे, "मला वाटतं ठीक आहे." मग ते म्हणत, "का वाटतं?" झालं. इथून पुढे अर्धा तास गेला.

माझं लिखाण ते घरी नेत आणि पेन्सिलने प्रश्नचिन्हं काढून परत देत. नुसती प्रश्नचिन्हं. शब्द एक नाही. समासात बारीक, कोरीव अक्षरातलं एक प्रश्नचिन्ह, आणि ते कशावर आहे हे आपण ओळखायचं. वाक्यावर, शब्दावर, की संदर्भावर? विचारलं तर उत्तर ठरलेलं. "तूच शोध. मी सांगितलं तर ते माझं होईल."

नवऱ्याने एकदा ती पानं चाळली आणि म्हणाला, "यापेक्षा आमचा तलाठी बरा, निदान काय कागद कमी आहे ते सांगतो." मला हसू आलं नाही. माझा जीव मेटाकुटीला आला होता.

कारण दिवस संपत आले होते. माझ्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, आणि सर मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंधावर त्यांची सही झाली तर झाली. नाहीतर नवीन मार्गदर्शक शोधा, अर्ज करा, समितीपुढे उभे राहा, आणि बहुतेक सगळं पहिल्यापासून सुरू करा. तीन वर्षांचे शनिवार, शाळेतून परतल्यावर स्वयंपाक उरकून केलेलं वाचन, बहिणीच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या कडेला बसून तपासलेली टिपणं, हे सगळं त्या एका सहीवर लटकलेलं. अडलं होतं फक्त चौथं प्रकरण.

ते प्रकरण माझ्या प्रबंधाचा जीव होतं. विषय पालकांचं मौन. त्यासाठी मी माझ्याच शाळेत तीन पालकसभा घेतल्या होत्या. टेबलावर रेकॉर्डर ठेवला होता, हातात वही घेतली होती आणि एकच प्रश्न विचारला होता, "शाळेत तुमच्या मते काय चुकतं? मोकळेपणाने बोला." बाप्ये पाण्याच्या टाकीबद्दल बोलले, खिचडीबद्दल बोलले. बाया कमी बोलल्या. आणि एक बाई तिन्ही सभांना वेळेवर आली, शेवटपर्यंत पदर सावरत बसली आणि अक्षर बोलली नाही. नाव लिहायचं नसतं, म्हणून तिला मी 'पालक क्रमांक सात' म्हटलं. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. पालक क्रमांक सातवर मी सहा पानं लिहिली. पिढ्यान्‌पिढ्यांचं दडपण कसं आत मुरतं, शाळा आपल्यासाठी नाहीच असं माणसाला कसं वाटू लागतं, मुलीच्या अभ्यासाबद्दलची उदासीनता त्यातून कशी येते. पुरावा म्हणून मुलीचे चाचण्यांचे गुणही जोडले. त्यात शून्यांची ओळ होती. ती सहा पानं मला फार आवडली होती. खोटं कशाला सांगू, लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

सरांनी त्या सहा पानांवर एकच प्रश्नचिन्ह काढलं. पहिल्या ओळीसमोर, नेहमीपेक्षा जरा मोठं.

ते शोधण्यात माझे तीन महिने गेले. मी संदर्भ बदलले, वाक्यं फिरवली, 'मौन' काढून 'नि:शब्दता' घातलं, परत 'मौन' केलं. प्रकरण दर वेळी परत आलं, आणि प्रश्नचिन्ह तिथेच. मी नवीन प्रिंट काढायची, ते नवीन प्रश्नचिन्ह काढायचे. फेब्रुवारीत मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "सर, आता तरी सांगा." सरांनी पानं माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "हे ज्यांच्याबद्दल लिहिलंस, त्यांना वाचून दाखवलंस का?"

म्हणजे परत एक प्रश्नच. पण निदान याचं काहीतरी करता येत होतं.

सगळ्यांनीच गावाला जायचं ठरलं. दिवस कोणता? मीच सुचवला. पुढच्या बुधवारी कुठल्याशा जयंतीची सुट्टी होती. कॉलेज बंद, शाळा बंद, म्हणजे लोकही घरी निवांत असतील. हिंगणघाटचे म्हणाले, वा. मुलीने लिहून घेतलं. सरांनीसुद्धा मान डोलावली. शाळा लोकांच्या वेळेचा विचार करत नाही, यावर आम्ही चौघांनी मिळून किती पानं वाचली असतील याला गणती नाही.

बुधवारी अकराच्या सुमारास आम्ही गावात उतरलो तर गाव ओस. समाजमंदिराला कुलूप. पारावर दोन म्हातारे आणि एक कुत्रं. त्यातले एक म्हातारे मला ओळखत होते. म्हणाले, "मॅडम, आज काऊन आल्या? आज तं बाजार हाय. सारे बाजारात गेले."

मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. बुधवारी बाजार असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमचं गाव भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. बुधवारी माझा अर्धा वर्ग रिकामा असतो. या रिकाम्या वर्गावरून मला वरून बोलणी बसली होती आणि त्यावर मी उपायही केला होता. पण सुट्टी म्हणजे माणूस घरी, हे आम्हा पगारी लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की पुढे काही सुचलंच नाही. हिंगणघाटचे म्हणाले, "हेसुद्धा एक प्रकारे वर्चस्वच." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प बसले.

म्हातारे म्हणाले, एक घर उघडं आहे, बाई दुसऱ्या खेपेचा माल बांधून राह्यली. दाखवलेलं घर पालक क्रमांक सातचं निघालं.

ती अंगणात, निंबाच्या सावलीत बसली होती. पुढ्यात ओल्या पोत्यावर सांबाराचा हा ढीग. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती मूठभर काड्या उचलायची, मुळं जमिनीवर ठोकून सारखी करायची, दोरीचा वेढा द्यायचा की जुडी तयार. आम्हाला बघून ती उठायला लागली. सर म्हणाले, "उठू नका, माय. तुमचं काम चालू द्या." आणि खाली बसले. त्यांनी आम्हालाही गोल करून बसायची खूण केली, तर ती म्हणाली, "तिकडं नोका बसू जी, सावली अडन. सांबार सुकते." मग आम्ही एका ओळीत, उन्हात बसलो. सरांनीही एक जुडी बांधून बघितली. तिने ती घेतली, सोडली आणि परत बांधली.

मी वाचायला लागले. सहा पानं. वर्ध्यात मला जी वाक्यं सुंदर वाटली होती ती त्या अंगणात तोंडातून निघता निघेनात. 'अंतर्भूत दडपणाची अभिव्यक्ती' वाचताना माझी जीभ अडखळली. तिचे हात चालूच होते. 'उदासीनता' हा शब्द आला तेव्हा ते एकदा थांबले, मग परत सुरू झाले.

वाचून झाल्यावर तिने विचारलं, "थे सात नंबर मीच नं जी?"

"हो," मी म्हटलं.

"मी बोलली नाई, हे खरं हाय."

हिंगणघाटचे पुढे सरकले. "मावशी, मग तुमी काऊन नाई बोलल्या?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. म्हणाली, "मॅडमच्या समोर सांगू का?"

सर म्हणाले, "मॅडमले बाहेर पाठवतो, तुमी म्हणत असान तं."

"राहू द्या." तिने हातातली जुडी खाली ठेवली. "माह्यी पोरगी त्याईच्याच वर्गात हाय. मॅडमनंच विचारलं का शाळेत काय चुकते, आन मॅडमच लिवून घेऊन राह्यल्या. मी काय सांगू जी? चुकते थे त्याईचंच चुकते. उद्या मॅडमले राग आला तं मले काय करतीन, थो निंगन पोरीवर."

मी पानं मांडीवर पालथी घातली. मी विचारलं, "माझं काय चुकतं?"

माझ्यापुढे बोलायची तिला सवयच नव्हती, किंवा मी तिला ती लावली नव्हती. मग एकदम म्हणाली, "बुधवारची चाचणी."

आता तो माझा उपाय सांगायला हवा. बुधवारी मुलं बाजारात जातात, हजेरी घसरते, वरून विचारणा होते, म्हणून मी गणिताची चाचणी बुधवारी ठेवायला सुरुवात केली होती. चाचणी असली की पालक मुलांना पाठवतील. मुख्याध्यापकांनी परिपाठात माझं कौतुक केलं होतं. काही पालकांनी पाठवलंही. ज्यांनी पाठवलं नाही त्यांच्या मुलांच्या नावापुढे मी शून्य लिहीत गेले.

"पोरीचे बाबा वावरात, मी एकटी बाजारात," ती म्हणाली. "मापाले बसली का पैशाले कोण बसन? पोरगीच बसते. हिशेब तिचा पक्का हाय, गिऱ्हाईक बी तिलेच विचारते. तुमी चाचणी गुरुवारी घेतली असती तं तिनं देल्ली असती. तिनं तं रडून-रडून मले म्हटलं होतं, सभेत सांग म्हणून. तिन्ही सभेत मी थेच सांगाले येत होती जी."

तिने जुडी परत उचलली. "तुमाले चाय मांडू का?" असं तिने विचारलं, आणि आम्ही नको नको म्हणत असताना मांडलाही.

सरांना सोडायला आम्ही तिघंही वर्ध्यापर्यंत निघालो. गाडीत हिंगणघाटचे माझ्या मागच्या सीटवर होते. जाम गावच्या चौकापर्यंत त्यांनी दम धरला. मग पुढे वाकून म्हणाले, "मॅडम, काय डेटा मिळाला. तुम्ही हे शेवटी मर्यादांमध्ये एका परिच्छेदात टाकून द्या. संशोधक आणि शिक्षिका एकच असल्याने वगैरे. प्रबंधाला उलट वजन येईल." मी म्हटलं, "तुम्ही जरा गप्प बसता का?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले आणि ते खरंच वर्ध्यापर्यंत गप्प बसले.

स्टँडवर ते आणि ती मुलगी गेले. सर रिक्षा बघत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि माझ्यावर किती, त्यांच्यावर किती, हे मला कळत नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "ते प्रश्नचिन्ह याचंच होतं ना?"

सवयीने त्यांची मान तिरपी झाली. मी म्हटलं, "मला काय वाटतं ते विचारू नका. हो की नाही सांगा."

"हो," सर म्हणाले. "प्रश्न विचारणारी आणि मार्क देणारी एकच. मला पहिल्या वाचनातच खटकलं होतं."

"मग सांगितलं का नाही? तीन महिने, सर. त्या तीन महिन्यांत मी आणखी पाच चाचण्या घेतल्या, सगळ्या बुधवारी. मला तुमचा राग येतो. तीन वर्षं येतोय. पण सही तुमच्या हातात, तर मी काय बोलणार?"

हे तोंडातून गेलं आणि आपण काय म्हणालो ते मला ऐकू आलं. सरांनाही आलं असावं. त्यांनी रिक्षाला हाताने नको म्हटलं. निवृत्तीला आलेला तो माणूस स्टँडच्या गर्दीत पिशवी धरून उभा होता, आणि पहिल्यांदाच त्यांच्याजवळ विचारायला प्रश्न नव्हता.

"सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "माझं चुकलं."

मग मी विचारलं, "प्रकरण असंच आणलं, तो मर्यादांचा परिच्छेद घालून, तर सही कराल?"

"करीन. तुझं वर्ष जायला नको. पण ते प्रकरण खोटं आहे."

तीन वर्षं मी एका सरळ वाक्यासाठी या माणसाच्या मागे लागले होते, आणि मिळालं ते हे. घरी जाताना सगळ्या रस्त्याने मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. सही तर मिळत होती ना! वर खोटं आहे म्हणायची काय गरज होती?

मार्च संपला तरी मी प्रबंध नेला नाही. सर निवृत्त झाले. हिंगणघाटच्यांचा जमा झाला, ते आता डॉक्टर आहेत. मी नवीन मार्गदर्शकासाठी अर्ज केला आहे आणि समितीपुढे कधी बोलावतील ते कोणाला माहीत नाही. नवरा यावर काही बोलत नाही, म्हणजे त्याला काय वाटतं ते मला कळतं.

चाचणी मी शुक्रवारी केली, बाजारानंतर अभ्यासाला एक दिवस मिळावा म्हणून. मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही, हजेरी परत घसरली, वरून परत विचारणा झाली. पहिल्याच शुक्रवारी पालक क्रमांक सातची मुलगी तपासलेली वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. एका गणितावर मी लाल फुली मारली होती. म्हणाली, "मॅडम, हे बरोबर हाय."

मी बघितलं. 'तुला काय वाटतं?' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. अगदी तोच सूर, मानसुद्धा तिरपी व्हायला लागलेली. मी मान सरळ केली.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "माझं चुकलं." आणि फुली खोडून गुण दिला.

ती गेली नाही. वहीची मागची पानं उलटत म्हणाली, "मंग बुधवारचे शून्य बी खोडसान का?"

ते शून्य मी केव्हाच वर भरून पाठवले होते. एकदा भरलेलं आता बदलत नव्हतं. मी तिला तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खाली बघितलं. आईसारखीच, एक अक्षर बोलली नाही.

मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं. शनिवारची दुपार मला आता मोकळीच होती. बुधवारच्या सगळ्या चाचण्या मी तिच्यापुढे ठेवल्या. हे गुण कुठेही धरले जाणार नाहीत हे तिला माहीत होतं. तरी एकामागून एक तिने सगळ्या सोडवल्या, वही माझ्यापुढे ठेवली आणि बाकावर न जाता टेबलाशीच उभी राहिली. मी तपासत होते तोवर तिची नजर माझ्या लाल पेनावरून हलली नाही.